पिक्सेल किती हवेत, हे चष्म्याला विचारा

एका वाचक ताईंचं पत्र, थोडी काटछाट करून:

"वय 48. दोन्ही डोळ्यांना वजा 5 नंबर, त्यात आता चाळिशीही लागलीय. दिवसातले दोन-तीन तास मोबाईलवर वाचनात जातात. बातम्या, ऑफिसच्या पीडीएफ आणि रात्री अंथरुणात जुन्या मराठी पुस्तकांचे स्कॅन. चष्मा लावला की फोन लांब धरावा लागतो, रात्री तो काढला की फोन नाकाशी येतो. नवा फोन घ्यायचाय. सारख्याच आकाराचे, 6.7 इंची दोन फोन निवडलेत, दोन्ही ओलेड. एकाची स्क्रीन 1080 बाय 2400, दुसऱ्याची 1440 बाय 3200, आणि दुसरा बराच महाग. मुलगा म्हणतो, 'आई, वाचायलाच घेतेयस तर जास्त रिझोल्यूशनचा घे.' ऑफिसमधला सहकारी म्हणतो, 'बॅटरी खाईल, तापेल, आणि फरक तर दिसणारच नाही.' मुलाला स्वतःला हातात धरून खेळायचा गेमिंग कन्सोल हवाय, तोही 2560 बाय 1600 स्क्रीनवाला. दोघांचं ऐकून डोकं बधिर झालंय. आणि हो, उन्हात स्क्रीन चकाकते म्हणून मॅट स्क्रीनगार्ड लावू का?"

ताई, तुमच्या पत्रात सगळ्यात कामाची गोष्ट मला पहिल्याच ओळीत मिळाली: वजा 5 आणि चाळिशी. मुलाने आणि सहकाऱ्याने फोनचे आकडे पाहिले, तुमच्या डोळ्यांचे पाहिलेले दिसत नाहीत. त्यामुळे दोघंही अर्धे अर्धे बरोबर आहेत आणि तुमचं डोकं बधिर झालं यात काही नवल नाही.

आधी डोळ्याचा हिशेब करू. डॉक्टरांकडे भिंतीवर अक्षरांचा तक्ता असतो ना, त्यातल्या 6/6 च्या ओळीतल्या अक्षराची एकेक रेघ आपल्या डोळ्याशी एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा कोन करते. ती ओळ जेमतेम वाचणाऱ्याला याहून जवळचे दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत, मिसळून जातात. यावरून एक सोपा भागाकार निघतो. डोळ्यापासून स्क्रीन किती सेंटिमीटरवर आहे ते मोजा आणि त्या आकड्याने 8,700 ला भागा. उत्तर येईल तितके पिक्सेल, म्हणजे चित्राचे बारीक चौकोनी तुकडे, एका इंचात असले की पुरे. 30 सेंटिमीटरला 290 येतात, 40 ला साधारण 218.

2010 मध्ये आयफोन 4 आला तेव्हा स्टीव्ह जॉब्जनी मंचावरून जे सांगितलं ते याच जातीचं गणित होतं. 10 ते 12 इंचांवर धरलेल्या फोनला इंचाला 300 च्या आसपास पिक्सेल असले की डोळ्याची मर्यादा गाठली. त्या फोनला 326 होते, आधीच्याला 163. त्यावर लगेच वादही झाला, कारण 6/6 ही काही माणसाच्या नजरेची कमाल मर्यादा नाही. तरुण, निरोगी डोळे त्याहून बारीक पाहू शकतात. शिवाय तिरक्या रेघेवरच्या पायऱ्या, दोन रेघांच्या जोडातला किंचित बाक, असल्या गोष्टी डोळा ठिपक्यांपेक्षा कितीतरी चटकन पकडतो. म्हणून भागाकाराचं उत्तर आलं की त्यावर थोडी सूट ठेवायची. तिसाव्या वर्षी तीसेक टक्के जास्त धरा. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी एवढी सूट बहुतेकांना लागत नाही, आणि हे मी माझ्याही डोळ्यांबद्दल म्हणतोय.

आता तुमच्याकडे येऊ. वजा 5 म्हणजे चष्म्याशिवाय तुम्हाला 20 सेंटिमीटरपर्यंतचंच स्पष्ट दिसतं. एक मीटर भागिले पाच, इतकं सरळ आहे ते. चष्मा लावला की लांबचं दिसू लागतं, पण चाळिशीमुळे जवळचं धूसर होतं, म्हणून हात लांब जातो आणि फोन 40 सेंटिमीटरच्या आसपास स्थिरावतो. म्हणजे दिवसभर तुम्हाला इंचाला 218 पिक्सेल पुरतात आणि रात्री चष्मा काढला की 435 लागतात. माणूस तेच, फोन तोच, गरज दुप्पट.

तुमच्या दोन फोनांपैकी पहिल्याला इंचाला 393 पिक्सेल पडतात, दुसऱ्याला 524. दिवसा पहिलाच गरजेच्या जवळजवळ दुप्पट आहे, दुसऱ्याचं जास्तीचं सगळं पाण्यात. सहकारी इथे बरोबर. रात्री मात्र पहिला किंचित तोकडा पडतो. त्यात ओलेडची, म्हणजे जिचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो अशा स्क्रीनची, एक मेख आहे. तिथे पिक्सेल लाल, हिरव्या आणि निळ्या ठिपक्यांनी बनतो. यातल्या बहुतेक स्क्रीनमध्ये प्रत्येक पिक्सेलला हिरवा ठिपका स्वतःचा असतो, पण लाल आणि निळे ठिपके संख्येने हिरव्याच्या निम्मे असतात, शेजारच्या पिक्सेलांनी वाटून घेतलेले. त्यामुळे 393 च्या स्क्रीनवर लाल-निळ्या ठिपक्यांची दाटी प्रत्यक्षात 278 च्या आसपास भरते. पांढऱ्यावरच्या काळ्या अक्षरांच्या कडेला कधी कधी एक पुसट रंगीत झालर दिसते ती यामुळे. 20 सेंटिमीटरवरून, चष्मा काढून बघणाऱ्या माणसाला ती दिसू शकते. तेव्हा 'फरक दिसणारच नाही' हे तुमच्या बाबतीत खरं नाही, आणि मुलाचा आग्रह अगदीच हवेतला नाही.

देवनागरीमुळे हा प्रश्न आणखी टोकदार होतो. इंग्रजी अक्षर एकाच पट्टीत बसतं. आपल्याकडे त्याच उंचीत वर रफार, वेलांटी, अनुस्वार, मध्ये शिरोरेघ आणि खाली उकार सगळं कोंबायचं असतं. 'राष्ट्रीय' हा शब्द बारीक टाइपात फोनवर काढून बघा. ष ला ट चिकटलेला, त्याच्या खाली र चा काकपद, आणि या सगळ्याच्या वाट्याला मोजकेच पिक्सेल. जुन्या 163 च्या स्क्रीनवर तो नुसता काळा डाग दिसायचा. 393 वर तो नीट सुटतो. 524 वर आणखी नीट सुटतो, पण तेवढं बघायला नाक स्क्रीनला लावावं लागतं.

आता खरा मुद्दा. तुम्ही रात्री फोन इतका जवळ का धरता? तुम्हाला वाटतं चष्मा काढलेला असतो म्हणून. मला वाटतं उलट आहे, स्कॅनमधलं अक्षर बारीक दिसतं म्हणून तुम्ही चष्मा काढता. तुमच्या फोनची रुंदी साधारण 7 सेंटिमीटर. साध्या ए5 आकाराच्या पुस्तकाचं पान 15 सेंटिमीटर रुंद. पूर्ण पान स्क्रीनवर बसवलं की प्रत्येक अक्षर निम्म्याहून लहान होतं. ते पुन्हा मूळ आकाराचं दिसायला हवं तर अंतर निम्म्यावर आणायचं, म्हणजे 40 चे 20. तुमचा हात हे गणित रोज रात्री न सांगता करतोय. फॉन्ट मोठा करायची सोय बातम्यांना आहे, स्कॅनला नाही. स्कॅन म्हणजे फोटो, बोटांनी मोठा केला की ओळ दोन्ही बाजूंनी कापली जाते आणि दर ओळीला पान डावी-उजवीकडे सरकवत बसावं लागतं. त्या वैतागापेक्षा चष्मा काढणं सोपं.

याला औषध 1440 ची स्क्रीन नव्हे, मोठी स्क्रीन आहे. दहा-अकरा इंची टॅबवर तेच पान जवळजवळ मूळ आकारात उतरतं. चष्मा लावून, 40 सेंटिमीटरवरून वाचायचं तर 218 पुरतात, आणि बऱ्याच चांगल्या टॅबना 264 च्या आसपास असतातच. म्हणून माझं उत्तर असं: फोन 1080 चाच घ्या. दोन फोनांच्या किमतीतला फरक टॅबच्या खात्यात टाका. आणि त्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून जवळच्या कामाचा वेगळा चष्मा करून घ्या. तुमच्या वयाला आणि नंबरला त्याने जो फरक पडेल तो कुठल्याही स्क्रीनने पडणार नाही.

ई-इंकचं, म्हणजे कागदासारख्या दिसणाऱ्या स्क्रीनचं वाचनयंत्रही डोळ्यासमोर ठेवा. तिथे 300 चं घ्या, जुनी 167 ची स्वस्तात मिळाली तरी नको, तिथे आपले उकार-वेलांट्या दातेरी दिसतात. पण सहा-सात इंची वाचनयंत्रावर स्कॅनचं दुखणं फोनसारखंच राहतं, घ्यायचंच तर दहा इंची बघा. रंगीत ई-इंकच्या मोहात पडू नका. तिच्यात काळं-पांढरं 300 ने दिसतं, रंग 150 नेच.

एक अडचण मला दिसतेय. अंथरुणात उताणं पडून अर्ध्या किलोचा टॅब धरवत नाही, डुलकी लागली की तो थेट नाकावर येतो. 'मी झोपूनच वाचणार आणि फोनवरच वाचणार' असं असेल, तर तुम्ही त्या थोड्या लोकांपैकी आहात ज्यांना 1440 खरोखर उपयोगी पडेल. मग खुशाल घ्या. फक्त दुकानात चष्मा काढा, दोन्ही फोनांवर एकाच पुस्तकाचं एकच पान उघडा, आणि घरी धरता तितकंच जवळ धरून बघा. त्याआधी 1440 वाल्या फोनची सेटिंग तपासा. असे बरेच फोन 1080 वरच लावून येतात, म्हणजे महागडी स्क्रीन आणून तिच्यावर कमी रिझोल्यूशन बघत महिनोन्महिने समाधानी राहणारे लोक आहेत. (यावरूनच काय ते समजा.)

स्कॅनची प्रतही बघा. कोणी 150 डीपीआयने, म्हणजे इंचाला 150 पिक्सेलांनी, घाईत केलेलं स्कॅन असेल तर ते पान नऊशे पिक्सेलांपेक्षाही कमी रुंद असतं. मग 1080 काय आणि 1440 काय, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

बॅटरीबद्दल तुमच्या सहकाऱ्याची भीती जुनी आहे, आणि एके काळी ती रास्तही होती. 2012 च्या मार्चमध्ये आलेला तिसऱ्या पिढीचा आयपॅड आठवा. स्क्रीनचे पिक्सेल आधीच्या आयपॅडच्या चौपट झाले. एलसीडीत, म्हणजे मागच्या दिव्याने उजळणाऱ्या स्क्रीनमध्ये, प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा ट्रान्झिस्टर आणि तारा लागतात, आणि त्या मागचा उजेड अडवतात. पिक्सेल जितका लहान, तितका त्यातला अडवणारा भाग मोठा, म्हणून मागचा दिवा जास्त प्रखर करावा लागतो. अ‍ॅपलने बॅटरी 25 वॅट-तासांवरून 42.5 वर नेली. एवढं करून कंपनीचा दावा आधीसारखाच, 10 तास. यंत्र 601 ग्रॅमचं 652 झालं, 8.8 मिलिमीटरचं 9.4 झालं. जवळजवळ पाऊणपट जास्त बॅटरी नुसती होतं तिथेच राहण्यात गेली, आणि त्याच वर्षाच्या शेवटी त्याची जागा घेणारा नवा आयपॅड आलासुद्धा.

तुमचे दोन्ही फोन ओलेड आहेत, तिथे मागचा दिवाच नसतो, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. खर्च मुख्यतः तुम्ही उजेड किती ठेवता आणि पान किती पांढरं आहे यावर ठरतो. रिझोल्यूशनचा भार पडतो तो चित्र रंगवणाऱ्या चिपवर. 1080 बाय 2400 म्हणजे जवळजवळ 26 लाख पिक्सेल, 1440 बाय 3200 म्हणजे 46 लाख, पावणेदोन पटीहून थोडे जास्तच. खेळताना, भराभर स्क्रोल करताना दर सेकंदाला साठ किंवा एकशेवीस वेळा ते रंगवायचे तर चिप घामाघूम होणारच. पण वाचताना पान स्थिर असतं, मिनिटभर काहीच बदलत नाही, चिप जवळपास झोपलेली असते. तुमच्या वाचनाला बॅटरीचा फटका फारसा बसणार नाही. सहकाऱ्याला हे सांगा, पण निर्णय बदलू नका.

कारण कंपन्यांनीही यातून हळूच काढता पाय घेतलाय. 2015 मध्ये सोनीने एक्सपीरिया झेड5 प्रीमियम आणला, 5.5 इंचात 4के (लांब बाजूला जवळपास चार हजार पिक्सेल), इंचाला 806 पिक्सेल. आपला भागाकार लावा: एवढ्या पिक्सेलांचं चीज व्हायला फोन डोळ्यापासून 11 सेंटिमीटरवर धरावा लागेल. आणि तो फोन स्वतःसुद्धा बहुतेक कामं 1080 वरच करायचा, 4के फक्त फोटो आणि व्हिडिओपुरतं. सॅमसंगचा गॅलॅक्सी एस8 2017 मध्ये 1440 च्या स्क्रीनसह आला तो 1080 वर लावूनच. 2020 च्या एस20 मध्ये तर सरळ निवडच होती: सेकंदाला 120 चित्रं हवीत तर 1080, 1440 हवं तर 60 वर समाधान माना. आणि सोनीने 2019 च्या एक्सपीरिया 1 पासून चालवलेली 4के स्क्रीन 2024 च्या एक्सपीरिया 1 VI मध्ये सोडून दिली, 1080 वर आली. नाकापेक्षा मोती जड झाला हे विकणाऱ्यालाच कळलं, तर घेणाऱ्याने का ऐकू नये?

फोन बघताना पिक्सेलांपेक्षा दोन गोष्टींवर जास्त वेळ घालवा. पहिली, भर उन्हात अक्षर दिसतं का. जमलं तर दुकानाच्या दारात येऊन बघा, आतल्या दिव्यांखाली सगळेच फोन देखणे असतात. दुसरी गोष्ट तुमच्यासारख्या रात्री वाचणाऱ्यांसाठी जास्त महत्त्वाची. बरेच ओलेड फोन उजेड कमी करताना स्क्रीन भराभर चालू-बंद करतात. डोळ्याला ते दिसत नाही, पण काहींचं डोकं दुखतं, डोळे चुरचुरतात. उजेड अगदी कमी करा आणि दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्यातून, स्लो मोशनमध्ये स्क्रीन बघा. जाड काळे पट्टे सरकताना दिसले तर तो फोन रात्रीच्या वाचनाला नको, रिझोल्यूशन काहीही असो. काही फोनांत हे लखलखणं कमी करायची सेटिंग असते, ती आहे का तेही विचारून घ्या.

आता चिरंजीव. आईला जास्त रिझोल्यूशनचा फोन घ्यायला लावणारा मुलगा स्वतःसाठी काय मागेल याचा अंदाज होताच. 2560 बाय 1600 म्हणजे 41 लाख पिक्सेल. व्हॉल्व्ह कंपनीच्या स्टीम डेक या असल्याच हातात धरायच्या कन्सोलच्या 1280 बाय 800 मध्ये 10 लाख 24 हजार. बरोबर चौपट काम, आणि ते हातात मावणाऱ्या, पंख्याने थंड होणाऱ्या, छोट्या बॅटरीवर चालणाऱ्या चिपला करायचं. नवे, जड गेम तिथे पूर्ण रिझोल्यूशनवर धडपणे चालत नाहीत, शेवटी सेटिंग खाली आणावीच लागते. खाली आणायचं तर 2560 बाय 1600 चं एक बरं आहे, नेमकं निम्मं केलं की 1280 बाय 800 होतं, एका पिक्सेलच्या जागी चार, अक्षरं कडेला भुरकट होत नाहीत. 1080 च्या स्क्रीनवर 720 खेळताना दीडपटीचा हिशेब बसत नाही आणि चित्र जरा मऊ पडतं. तेव्हा त्याची मागणी अगदी वेडगळ नाही, पण चौपट पिक्सेल विकत घेऊन त्यातले तीन चतुर्थांश झोपवून ठेवायचे, हा व्यवहार मला पटत नाही.

त्याच्या बाजूने एवढं म्हणेन की 7 इंचांत 1280 बाय 800 म्हणजे इंचाला 215 पिक्सेल, आणि 35 सेंटिमीटरवर धरणाऱ्या तरुण डोळ्याला ते कमीच. गेममधली बारीक अक्षरं त्याला दातेरी दिसतील. धावत्या चित्रात नाही दिसणार. व्हॉल्व्हने 2023 मध्ये स्टीम डेकची ओलेड आवृत्ती काढली तेव्हा त्यांना रिझोल्यूशन वाढवता आलं असतं. त्यांनी 1280 बाय 800 तसंच ठेवलं, स्क्रीन 7.4 इंची ओलेड केली, सेकंदाला 60 ऐवजी 90 चित्रं दिली आणि बॅटरी 40 वरून 50 वॅट-तासांवर नेली. माझ्या मते पैसे लावायची जागा तीच. फारच हट्ट केला तर 7-8 इंचांत 1080 बाय 1920 वर तडजोड करा, शक्यतो चिपच्या वेगाप्रमाणे स्क्रीनचा वेग बदलणारं यंत्र बघून. आणि चार्जरपासून लांब त्याला किती तास खेळायचंय हे त्याच्याकडूनच वदवून घ्या, विकत घ्यायच्या आधी.

राहिला मॅट स्क्रीनगार्ड. लावू नका. त्याचा खरबरीत पृष्ठभाग बाहेरचा उजेड पसरवतो हे खरं, पण आतून येणारा उजेडही तसाच पसरवतो. पिक्सेल जितके बारीक, तितकं त्या खरबरीतपणाशी त्यांचं वाकडं. पांढऱ्या पानावर रंगीत रवा सांडल्यासारखी चमचम दिसू लागते आणि 'ष्ट्र' चा पुन्हा काळा डाग होतो. महागाची स्क्रीन घेऊन वर तो गार्ड लावला तर दिलेले जास्तीचे पैसे गार्डखालीच राहतील. चकाकीचा त्रास असेल तर प्रतिबिंब कमी करणारा थर दिलेला गुळगुळीत गार्ड मिळतो तो घ्या, नाहीतर उन्हात वाचताना फोन जरा तिरका धरा.